ठिपक्याआड गेलेला प्रोग्राम

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत मी उमरखेडला कॉम्प्युटर शिकत होते. वर्गातल्या कितीतरी मुलींनी मधूनच कॉलेज सोडलं. टिकलेल्यांत मी होते आणि माझी मैत्रीण, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकची मुलगी. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तिनं वडिलांच्या दुकानासाठीच केला. विहिरीवरच्या मोटारीची माहिती टाकली, की जळालेल्या मोटारीत कोणत्या जाडीची तार भरायची ते तिचा प्रोग्राम सांगायचा.

तोंडी परीक्षेच्या सकाळी बाहेरून आलेले परीक्षक सरांच्या खोलीत चहा घेत होते. आम्ही लॅबमध्ये. तिथं सगळं लिनक्सवर, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालायचं. 'एलएस' लिहिलं की फायलींची नावं यायची. तिनं लिहिलं, काहीच आलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा रिकामं.

"गेलं सारं," ती म्हणाली. "काल त होतं वं! आता अब्बाले काय सांगू?"

"काल शेवटी काय केलं तू?"

"काईच नाई. फक्त फाइलीचं नाव बदललं."

मी एलएसची माहिती असलेलं पान पडद्यावर उघडलं.

"तूच वाच," ती ओढणीनं डोळे पुसत म्हणाली. "मले अक्षरं दिसून नाई राह्यले."

पहिलाच पर्याय होता 'मायनस ए': ठिपक्यानं सुरू होणारी नावंही दाखव. साधं एलएस अशी नावं दाखवतच नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी 'एलएस मायनस ए' लिहिलं आणि नाव आलं! पुढं एक ठिपका लागलेला. नाव बदलताना 'याच फोल्डरमध्ये' अशा अर्थानं तिला नावाआधी ठिपका आणि तिरकी रेघ द्यायची होती; रेघ राहून गेली आणि ठिपका नावालाच चिकटला होता.

"थांब, आत काई हाय का पाह्य," ती कुजबुजली.

मी 'मायनस एल' जोडलं. फाइलीचा आकार, कालची तारीख, सगळं आलं. फाइल भरलेली होती. तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

परीक्षकांनी एका मोटारीची माहिती टाकून पाहिली. उत्तर आलं.

"हे बरोबर आहे हे कशावरून?"

"अब्बानं स्वतः तपासलं, सर."

ते हसले आणि त्यांनी सही केली.

बाहेर पडल्यावर आम्ही स्टँडवर गरम आलुबोंडे घेतले. माझी गावाची एस. टी. समोरून निघून गेली. जाऊ दिली. तिला हसू आवरत नव्हतं, मलाही.