फुफ्फुस नाही म्हणत नाही

डॉक्टर ठवरेबाई नमस्काराआधी माणसाचा श्वास ऐकत. रामदासपेठेतल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये त्या तळमजल्यावर राहायच्या. छातीचे आजार तपासण्यात उभी हयात गेलेली. जिना चढणाऱ्याला थांबवून म्हणायच्या, "काहून धापा टाकून राहिला गा? बस जरा." बोलणं माहेरचं, काटोलकडचं, ते त्यांनी कधी बदललं नाही.

त्यांना राग यायचा, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. दोन वर्षांपूर्वी आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या हॉलमध्ये आरोग्य शिबिर भरवलं. शिबिर कसलं, विक्रीच ती. टाय लावलेला एक माणूस हातात मावेल असं यंत्र दाखवत होता. त्यात तुळस-अडुळशाचा चुरा भरायचा, तो तापला की वाफ तोंडाने ओढायची. "गोळी पोटात जाते, वेळ लागतो," तो सांगत होता. "वाफ फुफ्फुसात जाते, क्षणात रक्तात. शंभर टक्के."

बाई उभ्या राहिल्या. "फुफ्फुस लवकर घेते, हे खरं आहे. पण अर्धी वाफ तर माणूस बाहेर सोडते. मग शंभर टक्के कोणी मोजलं, कोणाच्या छातीत?"

सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, नैसर्गिक वस्तू आहे. कोणाचं काय बिघडणार?"

"कोराडीच्या वीज केंद्राची राखही जमिनीतल्याच कोळशाची आहे. छातीत राख घेऊन आलेले लोक तपासले मी. फुफ्फुस कशालेच नाही म्हणत नाही. म्हणून तर जपा लागते त्याले."

त्यांना खाली बसायला सांगण्यात आलं. सांगणाऱ्यांपैकी प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी फुकट तपासलं होतं.

माझ्या वहिनीला, नंदाला, दमा आहे. तिने ते यंत्र घेतलं आणि केमिकल नको म्हणून इनहेलर बंद केला. दिवाळीनंतर एका सकाळी तिचे ओठ निळे पडले. वाक्य सोडा, तिला शब्दही पुरा होईना. बाई घरातल्या साडीवरच धावत आल्या, स्वतःकडचा दम्याच्या औषधाचा पंप घेऊन. औषध देता देता म्हणत होत्या, "हळू घे वं. मी आहो इथं." दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही. वहिनी वाचली.

संध्याकाळी बाई ते यंत्र घेऊन सेक्रेटरींच्या दारात गेल्या. मी सोबत होतो. "लोकाईले बोलावून सांगा, चूक झाली. औषध सोडू नका म्हणा."

"डब्यावर साईड इफेक्ट नाही असं छापलंय," ते म्हणाले. "मी काय करू?" आणि दार लावून घेतलं. मग बाईच घरोघर फिरल्या. काहींनी दार उघडलं नाही. म्हातारी भांडकुदळ झाली, एवढंच बोललं गेलं.

यंदा बाई गेल्या. शोकसभेत सेक्रेटरी बोलले. मॅडम अतिशय शांत, मृदू स्वभावाच्या होत्या, आवाज कधी चढला नाही, म्हणाले. मला बसवेना. पण माझ्याआधी वहिनी उठली.

"त्या मृदू नव्हत्या. त्या चिडायच्या," ती म्हणाली. "याच हॉलमध्ये चिडल्या होत्या. तुम्ही त्याईले बसवलं, अन् मी तुमचं ऐकलं."

कोणीतरी चहा आल्याचं सांगितलं. वहिनी उभीच राहिली, सेक्रेटरींनी मान खाली घालेपर्यंत.