न घाबरणारा पाहुणा

विल्फला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या घरातलं बोलणंच आटलं. यॉर्कशरच्या रस्त्यांवर जन्मभर बस हाकणारा, उतारूंशी हुज्जत घातल्याशिवाय चहा गोड न लागणारा माणूस मागच्या खिडकीशी बसून राहिला. बायकोने, ग्लेनिसने, घास पुढे करावा आणि त्याने तोंड फिरवावं, हे रोजचंच झालं.

शेवटी तिने अंगणात खांब रोवून पाखरांसाठी बियांची जाळीदार नळी टांगली. पाखरांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण चिमणीएवढ्या हिरव्या फिंचांची टोळी येऊन भांडू लागली आणि विल्फ त्यांच्याकडे बघता बघता अख्खा टोस्ट खाऊन गेला. तेव्हापासून नळी कधी रिकामी राहिली नाही. जुन्या बियांवर नव्या ओतायच्या, एवढंच तिला ठाऊक.

जानेवारीत एक फिंच अंगणातच मुक्कामाला राहिला. ग्लेनिस जवळ गेली तरी तो उडेना. पिसं फुगवून गुबगुबीत होऊन बसे. विल्फ त्याच्याकडे बोट करी आणि अर्ध्या तोंडाने हसे. ते हसू बघून ग्लेनिसला आभाळ ठेंगणं झालं. पलीकडच्या हेडलीला तिने कुंपणावरूनच ऐकवलं, "तू जन्मभर दुर्बीण गळ्यात घालून हिंडलास. तुझ्याजवळ आला का कधी एखादा? आमचा बघ, माणसाळलाय!"

हेडली हसला नाही. "चोच ओली दिसते का गं त्याची? दाणा गिळता येत नसेल."

"हो. म्हणजे काय?"

"आजारी आहे तो. उडायला जोर नाही म्हणून बसलाय. नळी धुतेस ना?"

तिने नळीच्या तळाशी साचलेल्या जुन्या बियांकडे पाहिलं.

"अगं, एकाचा उष्टा दाणा दुसरा खातो आणि रोग पसरतो. आजच उतरव ती. सगळं धुऊन टाक आणि काही आठवडे दाणा बंद ठेव, म्हणजे पाखरं पांगतील तरी."

"आणि विल्फने काय भिंत बघत बसायचं? तुझं काय जातं रे सांगायला!" ती तणतणत आत गेली.

नळी तिने तशीच ठेवली. आणखी एकच सकाळ, असं तिने मनाला समजावलं. त्या सकाळी हिरवा पाहुणा खांबाखाली पाय वर करून पडला होता आणि नळीवर आणखी दोघं तशीच पिसं फुगवून बसली होती. तिला स्वतःची शिसारी आली. विल्फला उठवायच्या आधी तिने मेलेलं पाखरू कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकलं, नळी काढली आणि हात झोंबेपर्यंत घासली.

विल्फला खुर्चीत बसवलं तेव्हा अंगणात नुसता खांब होता. तो खांबापासून कुंपणापर्यंत शोधत राहिला. मग चांगला हात उचलून, जीभ ओढत ओढत म्हणाला, "हि... हिरवा?"

झटक्यानंतर त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला धड शब्द.

"उडून गेला रे," ती म्हणाली. "सकाळीच."

विल्फचा चेहरा उजळला. तो कितीतरी वेळ मान डोलावत राहिला. ग्लेनिसला तो आनंद बघवेना. टोस्ट करपतोय असं सांगून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून रडली.