हौसामावशीचं उत्तर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. हौसामावशीनं कान धरून साहेबाच्या तंबूभोवती फेरी मारली, तेव्हा तिला तिथं बोलावून नेणारा मी होतो.

दुष्काळाचं साल. तिसगावच्या पुढं पाझर तलावाचं काम चाललेलं. सगळा मुलूख उन्हात खडी फोडत होता आणि मी सावलीत. मस्टर कारकून. आमच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक. तंबूत माझा चहाचा कप वेगळा. कान तुटलेला, बाहेर दगडावर पालथा घातलेला. मीच विसळायचो. तरी खूश होतो. त्या खुशीची आज शिसारी येते.

साहेब पुण्याचा, इंग्रजी शाळेत शिकलेला. दुपारच्या सुट्टीत जाडजूड डिक्शनरी उघडायचा, कुणी बापजन्मात न ऐकलेला शब्द काढायचा आणि म्हणायचा, ओळखा अर्थ. ओव्हरसियर आणि स्टोअरकीपर अंदाज ठोकायचे. त्यांचं चुकलं तर चुकलं. शेवटी माझ्याकडं वळायचा. "आता आपले पंडित सांगतील." माझं उत्तर तीन-तीनदा म्हणवून घ्यायचा आणि तिघं हसायचे.

उद्याच्या शब्दाखाली तो आदल्या दिवशीच पेन्सिलीनं रेघ मारून ठेवायचा. सकाळी तंबू झाडायला मीच. एकदा रेघ बघितली, अर्थ वाचला, दुपारी बरोबर सांगितला.

साहेब म्हणाला, "तू बरोबर सांगायचं नसतं रे. मजा जाते."

त्यानंतर मी रोज अर्थ वाचायचो आणि मुद्दाम चुकीचा सांगायचो. नोकरी टिकावी म्हणून. किती दिवस? मोजले नाहीत. मग तेही सोसेना, तर मीच एक दिवस म्हणालो, "साहेब, बाहेरच्या एखाद्या बाईला विचारलं तर?" माझ्या जागी दुसरं कुणीतरी उभं राहावं, एवढंच.

साहेब खूश. "आण जा."

बाहेर कितीतरी बाया होत्या. मी हौसामावशीला उठवलं. आईची चुलतबहीण. तिसगावच्या हायस्कुलात होतो तेव्हा तिच्या घरी राहायचो. स्वतः अर्धी खाऊन मला अख्खी भाकरी वाढणारी बाई. मग तिलाच का? त्या दिवशी सकाळी हजेरीला तिचं नाव पुकारलं, तर भरल्या रांगेतून ती म्हणाली, "हाय रं बाळा." स्टोअरकीपर हसला. मला तिची लाज वाटली. म्हणून.

ती पदरानं तोंड पुसत आली. तंबूच्या तोंडाशी उभी राहिली, आत आली नाही. साहेबानं शब्द दोनदा म्हटला, चवीनं. "बॉर्बोरिग्मस. सांग, म्हणजे काय?"

ओव्हरसियरनं तोंडावर रुमाल धरला.

मावशीनं शब्द ओठातल्या ओठात घोळवला. म्हणाली, "साहेब, ह्यो तर पोटातला आवाज वाटतोय. पोटात काय नसलं की गुरगुरतं न्हाई का, तसा. सकाळधरनं माजं पोट ह्येच बोलतंय."

बाहेरच्या बाया हसल्या. तिच्यासंगं हसल्या, तिला नाही.

साहेबानं पानाकडं बघितलं. मीही बघत होतो. त्या रेघेपुढचा अर्थ मी सकाळीच वाचला होता. पोटाचा गुरगुराट. तिचं उत्तर बरोबर होतं. चार बुकं न शिकलेल्या बाईनं, नुसत्या कानानं आणि भुकेनं ओळखलं होतं.

साहेबानं डिक्शनरी धाडकन मिटली. "चूक."

शिक्षा त्यानं तिथल्या तिथं काढली. कान धरून तंबूला एक फेरी, तोंडानं "मला अक्कल न्हाई" म्हणत. पन्नाशीची बाई. केसांत खडीची भुकटी. फिरली ती. साऱ्या बाया बघत होत्या. मी मस्टरात बघत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, "कालच्या म्हातारीला आण रे. तिच्या पोटातून अजून काय निघतंय बघू."

"नाही आणणार."

"काय?"

"ती माझी मावशी आहे. नाही आणणार. तुम्हीपण जायचं नाही तिच्याकडं."

मस्टर टेबलावर टाकलं. बाहेर आलो, दगडावरचा तो कप आपटून फोडला आणि हातोडा घेऊन मावशीशेजारी बसलो. नोकरी गेली. तिला मीच नेलं होतं आणि अर्थ मला माहीत होता, एवढं गाळून इथवरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे, भाषणातसुद्धा. टाळ्या घेतल्या आहेत. पुढची नाही सांगितली.

हातोडा थांबवून मावशीनं विचारलं, "बाळा, तुला इंग्रजी येतं. मपलं चुकलं व्हय रं? मला वाटलं हुतं, बराबर आलं."

खरं सांगायचं तर रोज चोरून वाचत होतो हे सांगावं लागलं असतं. माहीत असून काल गप्प बसलो, हेही. मी म्हणालो, "असू दे मावशी."

तिनं मान हलवली आणि हातोडा उचलला.

त्यानंतर कुणी काही विचारलं की ती म्हणते, "मला काय कळतंय." लेकीच्या सोयरिकीत म्हणाली. घराच्या वाटणीत म्हणाली. साहेबानं तिच्याकडून एकदा म्हणवून घेतलं. माझ्या गप्प बसण्यानं ती ते जन्मभर म्हणत राहिली.

मावशी अजून आहे, तिसगावातच. कानानं कमी ऐकते. म्हणजे ओरडून सांगावं लागणार, आणि सगळ्या आळीला ऐकू जाणार. जाऊ दे. तिची फेरीही सगळ्यांनी बघितली होती.

येत्या रविवारी जातोय. तिचं एवढं देणं माझ्याकडं आहे: मावशी, तुझं बरोबर होतं. साहेब खोटं बोलला, आणि मला ते माहीत होतं.