मागच्या पंखावरचा एकच ठिपका

शेवंतामावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पत्रकांना घड्या घालत होतो. त्याला आता तीन आठवडे झाले. शोकसभेत एकजण म्हणाले, "भाजी विकत असूनही त्यांना फुलपाखरं ओळखता यायची." हे 'असूनही' मला मान्य नाही. भाजी विकायची म्हणूनच तिला ती ओळखता यायची!

बडनेऱ्याला रेल्वे क्वार्टरांमागच्या मोकळ्या जागेत मावशी घोळीची भाजी खुडायची. पानावर अंडी दिसली की ती फांदी तशीच सोडायची. त्यातून पुढं काय निघतं, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. त्याच जागेवर सिमेंटचा वाहनतळ करायचं ठरलं, आणि मी पेटून पत्रक छापलं : 'घोळीवर वाढणारं चांदवा फुलपाखरू वाचवा!' वर मोठा फोटो. सुनावणीच्या आदल्या दिवशी गठ्ठा घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"हे कोन हाये रे?"

"चांदव्याची मादी."

"मंग मागच्या पंखावर मधात हे ठिपके काहून? चांदवीले एकच रायते, वरच्या कडेले. अन् तिची किनार नागमोडी, हिची सरळ. हा रुईवरचा कडवा हाये. थो कडू, म्हनून पक्षी त्याले खात नाईत. अन् चांदवी जीव वाचवाले त्याचंच लुगडं नेसते. तू बी फसला का पक्ष्यावानी?"

"मावशी, ठिपके कोण मोजतंय?"

"ज्याले जागा पायजे, थो मोजीन. खोट्यानं वाचवाची नाई मले."

मी चिडलो, धुसफुसलो... आणि तिच्या अंगणात बसून प्रत्येक पत्रकावरचा फोटो पेनानं खोडला. खाली लिहिलं, 'चित्र चुकलं. खरं पाहायला जागेवर या.'

सुनावणीत साहेब हसले. "तुम्हालाच ओळखता येत नाही, मग वाचवणार काय?"

मावशी उठली. "आमची चूक आमी खोडली सायेब. तुमच्या कागदात 'पडीक जागा' लिवलं हाये. थे कवा खोडता?"

निर्णय थांबला, जागेची पाहणी ठरली. त्याआधीच ती गेली.

ज्या टोपलीत भाजी न्यायची, ती टोपली तिच्या मुलीनं मला दिली. आज सकाळी जागेवर ती पालथी घालून, मावशी बसायची तसाच बसलो. घोळीवर एक केशरी फुलपाखरू उतरलं. घाईनं नाव घेतलं नाही. आधी किनार पाहिली. मग ठिपके मोजले... एकच.

पाहणी येत्या आठवड्यात आहे. टोपली तिथंच पालथी ठेवली आहे. साहेबांनी यावं, बसावं आणि मोजावं.