याडीनं उकळलेली झूल

माझी आई हट्टी आहे. तांड्यात तिला कुणी शिष्टही म्हणतं, आणि दोन्ही खरं आहे. आम्ही बंजारा लोक आईला याडी म्हणतो. कुरुंद्याच्या बाजूला आमचा तांडा आहे आणि तांड्याची झूल सांभाळायचा मान याडीकडे आहे. हे मी आलेल्या पाहुण्याला चहाच्याही आधी सांगते.

झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर घालायचं भरतकामाचं जाड कापड. आमची झूल लालभडक, आरशांनी आणि कवड्यांनी भरलेली. आमची माणसं बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची, तेव्हा सगळ्यात पुढच्या बैलाच्या अंगावर ती असायची म्हणतात. पोळ्याला ती नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, बैलावर चढते. त्यानंतर ती घरोघर फिरते. एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत एका घरचा बैल ती रात्री पांघरतो, मग पुढच्या घरची पाळी. झुलीला पाणी मात्र लावायचं नाही. धुतली की तिचं पुण्य वाहून जातं, असं म्हातारी माणसं बजावत आली.

काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या बैलाला खाज सुटली. बिचारा लिंबाच्या खोडाला पाठ घासून घासून सोलून घ्यायचा. केस झडले, कातडीवर खपल्या धरल्या. आमच्याकडे दुखण्याचं पहिलं औषध हळद, तेव्हा आम्ही करंजाच्या तेलात हळद कालवून त्याला चोपडली. बैल पिवळाधमक झाला आणि तसाच खाजवत राहिला. शेवटी वसमतहून जनावरांचे डॉक्टर आले. डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत शिरतात, खरूज त्यांचीच, असं त्यांनी समजावलं. इंजेक्शन दिलं, पुन्हा एकदा द्यावं लागेल म्हणाले, आणि अंगाला लागणारं सगळं उकळायला सांगितलं.

आम्ही दोर उकळले, गोणपाटं जाळली, गोठा झाडून काढला. झूल तेवढी कुणाच्याच ध्यानात आली नाही. आमच्या लेखी ती कापड नव्हतीच, देव होती. ती तोवर पुढच्या घरी गेलीही होती.

आमचा बैल बरा झाला आणि त्या घरचा खाजवायला लागला. मग त्याच्या पुढच्या घरचा. लोक म्हणाले, हवाच खराब आहे. याडी मात्र एका सकाळी डोक्यावरची ओढणी सारखी करून गोठे बघत निघाली. आमच्यानंतर झूल जिथे जिथे मुक्कामाला होती, तिथलेच बैल पाठ घासत होते. जिथे पोचली नव्हती, तिथले निवांत रवंथ करत होते. ती घरी आली आणि ओट्यावर मटकन बसली. तिला इतकं हादरलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

आता पाळी तांड्याच्या टोकाला राहणाऱ्या विधवा काकीची होती. तिच्याकडे एकच बैल. शेजाऱ्याच्या बैलासोबत जोडी लावून ती शेत करायची. तो बैल खचला असता तर तिचं शेत पडीकच राहिलं असतं. याडीनं झूल तिला द्यायची सोडून आपल्या घरी आणली. काकी रडतच आली.

"माझ्याच बैलानं काय पाप केलं? माझी पाळी काहून चुकवून राहिली तू?"

"चुकवून नाही राहिले. आधी उकळते, मग देते," याडी म्हणाली.

बातमी नायकाकडे जायला कितीसा वेळ लागणार! आमच्या अंगणात हळद शिजवायची जुनी लोखंडी कढई होती. तिच्यात पाणी खळखळायला लागलं, तोवर सगळा तांडा गोळा झाला.

"तिला पाणी लागलं न्हाई कधी," नायक गरजले. "वाडवडलांची हाय ती!"

याडीनं ओढणी पुढे ओढली. वडीलधाऱ्यांपुढे ती मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही हळूच म्हणाली,

"वाडवडलांनी बैलासाठी झूल शिवली, नायक. झुलीसाठी बैल न्हाई पाळले."

आणि तिनं झूल पाण्यात सोडली. मी घाबरत घाबरत काठीनं ढवळत होते, पण तिच्या शेजारून मला कुणी ओढून नेऊ शकलं नसतं.

झूल बाहेर आली तेव्हा ओळखू येईना. लाल रंग उतरला होता, पांढऱ्या दोऱ्यांना कढईतली हळद लागली होती, काही आरसे तळाशी राहिले होते. नायक "ही आमची झूल न्हाई" म्हणून निघून गेले. मागोमाग बाकीचेही गेले. काकी तेवढी थांबली. झूल उन्हात वाळली, तशी तिनं ती खांद्यावर घेतली आणि घरी नेली.

मग आम्ही सगळा हिवाळा तिच्या बैलाच्या पाठीकडे बघत काढला. याडी येता-जाता तिच्या गोठ्यात डोकवायची आणि मला म्हणायची, सहज गेले होते. एकही केस झडला नाही. एकेक करून लोक डॉक्टरांना बोलवायला लागले, दुसरं इंजेक्शनही न चुकवता घ्यायला लागले.

पुढच्या पोळ्याला नायक बैल सजवून आमच्या दारात झूल न्यायला आले. ती पिवळट घडी त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली, आणि याडीकडे न बघता विचारलं, "कढईतून काढली का?"

"काढली," याडी म्हणाली.

आता झूल एका घरातून दुसऱ्या घरात जाताना आधी कढईत जाते. गेल्या वर्षी तांड्यात नवी सून आली. वाफेत उभ्या बायका बघून तिनं मला विचारलं, ही रीत वाडवडलांपासूनची का? याडी तिथेच जाळ सारत होती, तिनं मान वर केली नाही.

"न्हाई," मी म्हणाले. "माझ्या याडीपासूनची."