चार उजळ ठिपके
प्रयोगशाळेत भिंगं पुसताना स्पिरिटचा वास आला की परभणीच्या दवाखान्यातला बाक आठवतो. मायच्या पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट माझ्या पिशवीत होता. त्यात काय आहे ते सांगायचं टाळत मी तिला मोबाईलवर आमच्या प्रयोगाचं नवं चित्र दाखवलं. दोन सूक्ष्म आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश पदार्थात मिसळला की जे कण तयार होतात, त्यांच्या लहरीचं चित्र. काळोखात चार उजळ ठिपके. मायनं बराच वेळ बघितलं, मग पोटावर हात ठेवला. “चार गाठी हायत व्हय?” “न्हाई गं माय, हा उजेड हाय. माझ्या कामाचा.” तिनं मोबाईल परत दिला. “मंग माझा फोटू कवा दाखवतीस?” आता पडद्यावर ते ठिपके रोज उमटतात, आणि मला दिसते ती पिशवीची न उघडलेली चेन.