सुकाभाऊची शेवटची कानबाई

बायकोलाही कधी सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगायला बसलोय. आणि गंमत बघा – बोलायला लागलो की अजूनही आधी आनंदच वर येतो!

सुकाभाऊ माझा चुलतभाऊ. फौजेत होता. सत्त्याऐंशीच्या श्रावणात नेमका कानबाई देवीच्या सणाला सुट्टी घेऊन धरणगावजवळच्या आमच्या गावी आला, आणि अख्खी गल्ली जागी झाली. म्हाताऱ्यांचे पाय चेपणारा, पोरांना भरतीसाठी पहाटे पळवणारा, सगळ्यांचा लाडका माणूस. आणि नाच? सोमवारी कानबाई नदीवर शिरवायला, म्हणजे विसर्जनाला, निघाली की डफापुढे तो असा नाचायचा, वरची गल्ली तोंडात बोट घालायची. आणि त्याच्या जोडीला कोण? मी! वर्षभर मी त्या एका दिवसावर जगायचो.

या खेपेला तो थकलेला वाटत होता. जेवण जात नव्हतं, डोळे पिवळट. प्रवासाची जागरणं, असं सगळे म्हणाले. शनिवारी मीच त्याला सायकलवर डबलसीट डॉक्टरकडे नेलं. तपासून झाल्यावर तो बाहेर बाकावर बोटांनी ठेका धरून बसला, तेव्हा डॉक्टरांनी मला आत बोलावलं – कावीळ आहे, फार वाढलीय, आजच जळगावला दाखल करा, जिवाशी खेळ नको.

बाहेर आलो. “काय म्हने रे डाक्टर?” त्यानं विचारलं. आणि मी – कसं सांगू – मी हसलो. “काही नही भाऊ, अशक्ती शे. गोया दिन्यात.”

घरी त्याच्या आईला, काकूलाही तेच सांगितलं – नुसता अशक्तपणा आहे, गोळ्या दिल्यात. का? मला सोमवार हवा होता, बस्स. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतं? मंगळवारी सकाळी खरं सांगू, असं ठरवून मी चक्क गाढ झोपलो.

आणि काय नाचलो आम्ही! वरच्या गल्लीची पोरंसुद्धा आमच्यात येऊन मिसळली. गुलालानं कोण कुठला ओळखू येईना. सुकाभाऊ मध्येच थांबून पोट दाबत होता – मी पाहिलं. पाहिलं, आणि हाताला धरून पुन्हा ओढलं.

नदीकाठी तो बसला, तो आपल्या पायांनी उठलाच नाही. जीपनं जळगावला नेलं. तिथं शुद्ध हरपली, आणि आठवडाभरात गेला.

लवकर नेलं असतं तर वाचला असता? कोण जाणे. त्या पळवाटेनं मला जायचं नाही. मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गहू काढतात. काकू अजून सुकाभाऊच्या नावानंही काढते. तो रोट ती माझ्याच ताटात वाढते, डोक्यावरून हात फिरवते. “तुनामुये मना पोऱ्या हासत गया, बापू. खाय.” माझ्यामुळे तिचा पोरगा हसत गेला, म्हणे!

आणि मी खातो.